आईनं दिलं की आईकडून आलं?

मंडळी, दोन-अडीच महिन्यांनी लिहितेय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लागला, मग नुसता आळस. आज जे लिहायचंय ते बरेच दिवस मनात घोळतंय. आमच्या घरचे लोकही हे पान वाचतात, त्यामुळे लिहू की नको असं दोनदा झालं. पण ज्यांच्याशी बोलायचं राहून गेलं तीच माणसं वाचणाऱ्यांत आहेत, तेव्हा लिहितेच. कुणाला काही लागलं तर मोठी म्हणून समजून घ्या, आणि रागवायचं झालं तर आधी पूर्ण वाचून मग रागवा.

माझा धाकटा भाऊ २०२३ च्या उन्हाळ्यात गेला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वनखात्यात वनरक्षक होता. सगळी नोकरी सिंदेवाही, ब्रह्मपुरी, धानोरा अशी जंगलातच काढली. तापबीप आला तर काढा पिऊन कामावर जाणारा माणूस. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या मानेवर दोन गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून त्यानं कुणाला सांगितलंच नाही. मग काखेत आल्या. अंगावर लालसर चट्टे उठले, ते गजकर्ण समजून मलम लावणं चाललं. शेवटी भावजयीनं बळंच दवाखान्यात नेलं. तिथे गाठी हातानं चाचपून सांगितलं, टीबीच्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या. गाठीचा तुकडा काढून तपासला नाही, सुईनं पाणीही काढून पाहिलं नाही. कोणत्या दवाखान्यात, ते लिहीत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत टीबी इतका पाहिलेला आजार आहे की गाठ दिसली म्हणजे तोच, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. उलट मीच त्याला म्हणाले होते, "सहा महिन्यांचा कोर्स आहे, नीट पूर्ण कर."

चार महिने गोळ्या झाल्या. गाठी कमी व्हायच्या सोडून वाढल्या. आणि मग एक नवीनच सुरू झालं. त्याला सारखी तहान लागायची. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा, रात्रीतून सात-आठ वेळा उठायचा. पोट साफ होईना. बोलताना अडखळायला लागला. एके दिवशी मी समोर बसलेली असताना त्यानं मला "माय" म्हणून हाक मारली. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला नागपूरला नेलं.

तिथे रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं निघालं. तहान, बद्धकोष्ठ, भ्रम, सगळं त्यामुळेच. सलाईन आणि इंजेक्शनं देऊन कॅल्शियम खाली आणल्यावर तो पुन्हा मला ताई म्हणायला लागला. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि कळलं की रक्ताच्या कॅन्सरच्या घराण्यातला आजार आहे, टी-पेशींचा लिम्फोमा.

टी-पेशी म्हणजे काय हे मला तेव्हाच समजलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत काही पेशी पहारेकऱ्याचं काम करतात, त्यांतली ही एक जात. बाहेरून कोण आलं ते ओळखायचं आणि बाकीच्यांना हाळी द्यायची हे तिचं काम. तीच बिघडली आणि बेसुमार वाढायला लागली की गाठी, यकृत, प्लीहा, कातडी, हाडं, कुठेही घर करते. आणि पहारेकरीच बिघडल्यामुळे साधे जंतूसुद्धा माणसाला भारी पडतात.

आता खरी गोष्ट. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीनं भावाला प्रश्न विचारले. जन्म कुठला? आईचं माहेर कुठलं? आजी कुठली? कधी रक्त चढवलं होतं का? आणि मग, लहानपणी आईचं दूध किती वर्षं प्यायलात?

सहासष्ट वर्षांच्या वनरक्षकाला हा प्रश्न! भाऊ हसला. मी म्हटलं, "बाई, ते मला माहीत आहे. तीन वर्षं प्यायला. मी मोठी होते, मी पाहिलंय." तिनं ते लिहून घेतलं आणि सांगितलं की एक विषाणू असतो, त्याची तपासणी करून घेऊ, नमुना बाहेर पाठवावा लागेल, दहा-बारा दिवस लागतील. दुसरा पेशंट आला आणि ती गेली. चांगली मुलगी होती. पण ती जे सांगून गेली आणि जे न सांगता गेली, त्या दोन्हीच्या मधल्या जागेत आमच्या घरानं पुढचे बारा दिवस काढले.

त्या दिवसांत मी जे वाचलं, नातवाकडून शोधून घेतलं आणि नंतर डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, ते आधी सांगते. शिक्षिकेची सवय, दुसरं काय.

जपानमध्ये क्योतो इथे १९७० च्या दशकात डॉ. कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्ताच्या कॅन्सरचे काही वेगळेच रुग्ण दिसू लागले. सगळे प्रौढ. गाठी, वाढलेलं यकृत आणि प्लीहा, कातडीवर चट्टे, आणि रक्तात अशा पेशी ज्यांचं केंद्रक पाकळ्या उमलल्यासारखं दिसायचं. आजही त्यांना फ्लॉवर सेल म्हणतात. १९७७ मध्ये त्यांनी अशा १६ रुग्णांची हकीगत छापली. त्यात एक साधी गोष्ट होती. १६ पैकी १३ जणांचा जन्म जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचा होता. राहायला क्योतोकडे, पण गाव क्यूशू. सूक्ष्मदर्शकातून जे दिसलं नाही ते "तुमचं गाव कोणतं?" या प्रश्नातून दिसलं. म्हणजे या आजाराचं काहीतरी मूळ बालपणात, गावात, घरात आहे. आजाराला नाव मिळालं, अ‍ॅडल्ट टी-सेल ल्युकेमिया.

पुढे १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून एक नवा विषाणू जाहीर झाला, एचटीएलव्ही-१. जपानी संशोधकांनीही लगोलग दाखवून दिलं की क्यूशूचा तो आजार याच विषाणूमुळे होतो. माणसात कॅन्सर घडवणारा या जातीचा हा पहिलाच सापडलेला विषाणू. तो टी-पेशीत शिरतो आणि तिच्या जनुकांत स्वतःची अक्षरं लिहून बसतो. पेशी वाढली की तोही वाढतो. चाळीस, पन्नास, साठ वर्षं काहीही होत नाही. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. विषाणू बाळगणाऱ्या शंभर माणसांत साधारण तीन ते पाच जणांनाच हा कॅन्सर होतो, तोही बहुधा उतारवयात.

आजाराची रूपंही चार सांगतात. एक धुमसतं, कातडीवर थोडे चट्टे आणि रक्तात थोड्या विचित्र पेशी, बाकी माणूस हिंडता-फिरता. दुसरं जुनाट, हळू चालणारं. तिसरं गाठींचं. आणि चौथं झपाट्याचं, ज्यात कॅल्शियम वाढतं, हाडं झिजतात, आणि उपचार करूनही पुष्कळ जण वर्षही काढत नाहीत. जपानमध्ये २०१२ पासून या आजारासाठी मोगामुलिझुमॅब नावाचं औषध आहे, काहींना दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन बरं करता येतं, पण एकूण हा कठीणच आजार. असा विषाणू अंगात असलेल्याला आणखी एक धोका सांगतात. चिखलातून पायाच्या कातडीवाटे शिरणारा एक बारीक जंत असतो, स्ट्राँगिलॉइडिस. एरवी तो पोटात गुपचूप राहतो, पण अशा माणसाच्या अंगभर पसरू शकतो. अनवाणी रोवणी करणाऱ्या आपल्या मुलखात हे वाचून काटाच आला.

आता हा विषाणू येतो कसा? तीन वाटा. रक्त चढवण्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून, आणि आईच्या दुधातून. दुधात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात, त्यांतून तो जातो. विषाणू बाळगणाऱ्या आईनं बाळाला बरेच महिने पाजलं तर शंभरात साधारण वीस बाळांना तो मिळतो. म्हणून त्या डॉक्टरणीनं दुधाचं विचारलं होतं. जपानमध्ये या विषाणूसाठी रक्तदात्यांचं रक्त १९८६ पासून तपासतात. आपल्या रक्तपेढ्यांत सक्तीच्या पाच तपासण्या आहेत, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. त्यांत हा नाही. भारतात हा आजार विरळ आहे, नोंदले गेलेले रुग्ण तुरळक, त्यांत दक्षिणेकडचे काही.

हे सगळं आज मी शांतपणे लिहितेय. त्या बारा दिवसांत घरात हे असं कुणालाच माहीत नव्हतं. घराला एवढंच कळलं होतं की "आईच्या दुधातून येणारा कॅन्सर" आहे. अर्धी गोष्ट. आणि अर्धी गोष्ट घरात फार वेगानं फिरते.

पहिल्या रात्री भावजय दवाखान्याच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "म्हणजे ताई, सासूबाईंनीच दिला म्हणायचा." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. पण शब्द तोच, दिला. भाचा म्हणाला, "तीन-तीन वर्षं कशाला पाजायचं?" आमची आई जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आरमोरीकडची. अक्षरओळख नाही. लोकांच्या बांधीत रोवणी करून तिनं आम्हाला शिकवलं. माझ्या बी.ए.च्या फीसाठी पायातले तोडे मोडले. त्या व्हरांड्यात ती आरोपी झाली, आणि मी तिची थोरली मुलगी, काही बोलले नाही.

बोलले नाही असं तरी कुठे? मी त्याहून वाईट केलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला मुलीला फोन लावला आणि विचारलं, "तू बाळाला किती महिने पाजलंस गं?" ती म्हणाली, "दीड वर्ष. का?" मी म्हटलं, "एवढं?" एवढाच शब्द. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "आई, तू मला नक्की काय विचारतेयस?" याच मुलीला, ती बाळंतीण असताना, "दूध तोडू नकोस, दूध तोडू नकोस" म्हणून डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करून खाऊ घालणारी मीच होते.

त्या रात्री झोप लागली नाही. तीन वाजता कागद घेऊन बसले. मी भाषेची शिक्षिका, गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण शेकडेवारी येते. समजा आईच्या अंगात विषाणू होता. मग माझ्यात येण्याची शक्यता शंभरात वीस. माझ्यात असेल तर मुलीत पुन्हा शंभरात वीस, म्हणजे एकूण शंभरात चार. नातवापर्यंत जाईतो शंभरात एकही नाही. आणि असला तरी कॅन्सर होणारे त्यातल्या शंभरातले पाच. हिशेब ढोबळ आहे, डॉक्टर लोक यात आणखी बरंच धरतील. पण कागदावर आकडा लहान लहान होत गेला तसा माझा श्वास ठिकाणावर आला. तेव्हा वाटलं, हा हिशेब मांडायला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं आम्हाला कुणी दिली असती तर व्हरांड्यातलं ते वाक्य कदाचित झालंच नसतं.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. विषाणू नाही. भावाचा आजार टी-पेशींचाच, पण दुसऱ्या जातीचा, या विषाणूशी संबंध नसलेला. घरात सगळ्यांचे चेहरे खुलले. माझाही. आणि लगेच लाज वाटली, कारण भाऊ तर तिथेच होता, तेवढाच आजारी. त्याच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. पाच महिन्यांत तो गेला. आईवरचा आरोप मात्र कुणी मागे घेतला नाही. रिपोर्ट आल्यावर त्या वाक्याचं कुणी नावच काढलं नाही, इतकंच.

तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडे जवळजवळ नसलेल्या आजारावर एवढं कशाला? तर सांगते. आजार वेगळा असला तरी हे वाक्य आपल्या जिल्ह्यांत रोज बोललं जातं. आपल्याकडे त्याचं नाव सिकल सेल.

मी नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला, तोवर सगळा चांदा जिल्हाच. माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगा होता. कवायतीला उभा राहायचा नाही, हातपाय दुखतात म्हणायचा, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. डोळे पिवळट. मी त्याला कामचुकार समजले, एकदा अख्खा तास उभं केलं. लोक म्हणायचे वात आहे. तो सातवीच्या पुढे गेलाच नाही, आणि मी शाळा गेला असं म्हणत नाहीये. भारतात सिकल सेल १९५२ मध्येच निलगिरीच्या आदिवासींत सापडला होता. पण माझ्या शाळेपर्यंत तो शब्द यायला आणखी तीस-पस्तीस वर्षं लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, त्यांच्या सुरुवातीच्या कामात सिकल सेलचा अभ्यास होता, तेव्हा कुठे आम्हा मास्तर मंडळींच्या कानावर हे नाव पडलं. त्या मुलाला मी उभं केलेलं मला अजून दिसतं.

आता तर गावोगाव तपासणी होते. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं ठरलं आहे. हातात कार्ड मिळतं. चांगलं आहे. पण कार्ड घेऊन पुढे काय होतं ते बघा. माझी एक जुनी विद्यार्थिनी मला गडचिरोलीच्या बस स्टँडवर भेटली. तिचं लग्न मोडलं होतं. ती वाहक, म्हणजे तिला स्वतःला आजार नाही, फक्त एक जनुक आहे. मी विचारलं, "मुलाची तपासणी केली होती?" म्हणाली, "नाही बाई, ते म्हणाले आमच्या पोराले काहून तपासाचं?"

आता शाळेतल्या मुलालाही कळेल असं सांगते. सिकल सेलचा आजार व्हायला दोन्हीकडून जनुक यावं लागतं. आई वाहक आणि बाप वाहक, तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. एकटी आई हा आजार देऊच शकत नाही. तरी घरात म्हणतात, "ही सिकल सेलवाली, हिच्यामुळं पोरगं असं झालं." बाप तिथेच ओट्यावर बसलेला असतो. आणि हे जनुक आलं तरी कुठून? मलेरियाच्या मुलखात एक जनुक असलेली पोरं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून ते टिकलं. ज्यानं आजोबांना वाचवलं तेच दोन्हीकडून आल्यावर नातवाला छळतं. यात गुन्हेगार कोण शोधणार?

त्या जपानच्या विषाणूचंही तसंच. नवरा-बायकोत तो नवऱ्याकडून बायकोकडे जास्त सहज जातो. म्हणजे कितीतरी आयांना तो नवऱ्याकडून आलेला असणार. पण "बाबांनी आईला दिला" असं वाक्य मी त्या बारा दिवसांत एकदाही ऐकलं नाही. दूध दिसतं, म्हणून दुधावर बोट.

पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, तेवढ्या अधिकारानं एक सांगते. "आईनं आजार दिला" या वाक्यात आई कर्ता आहे. ऐकणाऱ्याला वाटतं तिनं काही केलं. "आजार आईकडून आला" यात आजारच कर्ता आहे, आई वाटेवरचं एक गाव. दोन्ही वाक्यांत माहिती तीच. पण पहिल्या वाक्यानंतर घरातली बाई मान खाली घालते आणि दुसऱ्यानंतर माणसं पुढचा प्रश्न विचारतात, की मग आता काय करायचं? डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, आशाताईंनी आणि आम्हा मास्तरांनी दुसरं वाक्य वापरायची सवय लावून घ्यावी. याला पैसा लागत नाही.

काही जण म्हणतील, भाषेनं काय होतंय, आजार तर रोखायला हवा. बरोबर आहे. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची या विषाणूसाठी तपासणी सुरू झाली. ज्यांच्यात तो सापडेल त्यांना पावडरच्या दुधाचा सल्ला दिला, आणि बाळांकडे विषाणू जाण्याचं प्रमाण शंभरात विसावरून दोन-तीनवर आलं. २०११ पासून ही तपासणी जपानभर होते. हे मोठंच काम आहे, त्यात वाद नाही. पण नागासाकीत नळाला स्वच्छ पाणी आहे आणि दुधाचा डबा विकत घेण्याची ऐपत आहे. आपल्या धानोऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावर विहिरीच्या पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध म्हणजे हगवण, आणि तान्ह्या बाळाची हगवण म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तिथे तीच बाटली बाळाला वाचवते, इथे तीच मारते. म्हणून कृपा करून हा लेख वाचून कुणी सुनेचं दूध तोडायला जाऊ नका! आपल्याकडे आईचं दूधच बाळाला जगवतं, पहिले सहा महिने फक्त तेच.

हे मला कुणी पुस्तकातून नाही शिकवलं. भावानं शिकवलं. घरातली कुजबुज त्याच्या कानावर गेली होती. रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसले होते. तो म्हणाला, "ताई, मायनं दूद नसतं पाजलं तं हा आजार व्हायले मी जगलो तरी असतो का?"

मी गप्प झाले. आमच्या दोघांच्या मधे दोन भावंडं झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. दोघांच्याही वेळी माय तापानं फणफणलेली होती आणि दूध आटलं होतं. हा तिसरा. त्याला तिनं तीन वर्षं सोडलं नाही. का सोडलं नाही ते मला तेव्हा कळायला हवं होतं, मी तिथेच होते.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, टीबीच्या गोळ्या सुरू होऊनही वाढत राहिली, तर तुकडा काढून तपासायचा आग्रह धरा, भीड धरू नका. डॉक्टरांनी गाव, आई, आजी विचारलं तर हसू नका, त्या प्रश्नानं एक अख्खा आजार शोधलाय. पण डॉक्टर मंडळींनीही प्रश्न विचारण्याआधी तो का विचारतोय ते दोन वाक्यांत सांगावं, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी काय बोलायचं तेही. सिकल सेलची तपासणी लग्नाआधी मुलाची आणि मुलीची दोघांची करा, एकट्या मुलीची केलीत तर ती तपासणी नव्हे, नुसती पारख झाली.

आणि एक घरगुती काम. हा लेख टाकण्याआधी मी मुलीला फोन केला. त्या "एवढं?"बद्दल बोलले. ती म्हणाली, "जाऊ दे आई, तू घाबरली होतीस." मग तीच म्हणाली, "आजीबद्दल मामींशी पण बोलून घे." भावजयीशी अजून बोलणं झालेलं नाही. ती हे वाचते हे मला माहीत आहे. या पोळ्याला मी गावी जाणार आहे, तेव्हा बोलू.